हिट म्हणजे हो

खोटं वाटेल. वाटू दे. मला कोणाला पटवायचं नाहीये, फक्त सांगून टाकायचंय.

लोकांना भुतं रात्री दिसतात. माझ्या बाबतीत घडलं ते भर दुपारी. याच मे महिन्यात, वसईजवळ गिरीजला, माझ्या माहेरच्या घरात.

बाबांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. फक्त उजवा अंगठा हलायचा. म्हणून अल्पेशचा, म्हणजे माझ्या भावाचा, लहानपणीचा व्हिडिओ गेम माळ्यावरून काढला आणि टीव्हीला जोडला. त्यात कॅसिनोची कॅसेट होती. पत्त्यांचा डाव. आणखी पान हवं तर 'हिट' दाबायचं, नको तर 'स्टँड'.

बाबा दिवसभर पडल्या पडल्या तेच खेळायचे.

एकदा आईने सहज विचारलं, "चाय देऊ?"

बाबांनी हिट दाबलं.

तेव्हापासून घरात ठरूनच गेलं. हिट म्हणजे हो, स्टँड म्हणजे नाही. चार वर्षं ते दोघं असंच बोलले.

मागच्या वर्षी बाबा गेले.

आईने गेम बंद केला नाही.

डॉक्टरकडे जाऊ का, केळीचे घड उतरवू का, सगळं त्या टीव्हीला विचारायचं! बटण चिकटलंय, रबर जुनं झालंय, आपोआप दाबलं जातं, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. ऐकेल तर शपथ.

मार्चमध्ये ती न्हाणीत पडली. शेजारची एलिना येईपर्यंत तशीच ओल्यात पडून होती.

मग मी मागेच लागले. विरारला माझ्याकडे चल. दर वेळी एकच उत्तर, "तुझे बाबा नाय म्हनतात."

त्या दुपारी मी गाडी घेऊनच गेले. आज उचलूनच न्यायची.

"थांब, त्यांना विचारते," आई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. गेमची जॉयस्टिक वायरसकट उपटली आणि कपाटावर फेकली.

"आता विचार!"

आई रागावली नाही. पलंगाकडे बघत म्हणाली, "अहो, सपनाकडं जाऊ मी?"

वाडीतला पंप थांबला. कावळेसुद्धा गप्प झाले आणि टीव्हीवर...

टक.

हिट.

मी आईला मिठीच मारली. एकदाचे हो म्हणाले! लगेच कपाट उघडून तिच्या साड्या पिशवीत भरायला घेतल्या.

आणि हात थांबला.

जॉयस्टिक माझ्या डोक्यावर, कपाटावरच होती. वायर लोंबत होती.

मागून आईचा आवाज आला, "तुमी हितं एकटेच ऱ्हानार?"

टक. स्टँड.

"मंग आमच्याबरोबर येनार?"

मग...

टक.

हिट.

पलंग करकरला. बाबांच्या बाजूची दबलेली गादी हळूहळू वर आली...

चार वर्षं जो माणूस कुशीवर वळला नव्हता, तो उठला होता.

आई हसत होती. पिशवी मांडीवर घेऊन तयार.

आणि मी म्हणाले, "राहू दे, आई. तू इथेच राहा."

मीच! इतके दिवस भांडले, आणि मीच म्हणाले.

तेव्हापासून आईचा रोज फोन. "आमी दोघं तयार आहोत. कवा येतेस?" मी सांगते, गाडी गॅरेजला आहे. हितेशला, माझ्या नवऱ्याला, सांगते की आईच हटून बसलीय. पुन्हा पडली तर काय, या विचाराने जीव जळतो. पण पाय उचलत नाही.

आज सकाळी हितेश मला न विचारता गिरीजला गेला. आत्ता त्याचा फोन आला. खूश होता.

"आई लगेच निघाल्या गं. तुला जमलं नाही, मला जमलं. फक्त पुढे बसा म्हटलं तर ऐकत नाहीत, मागेच बसल्यात."

मी फोन ठेवला आणि दाराला आतून कडी लावली.

सख्खी आई येतेय माझी, आणि मी कडी लावून रडत बसलेय.