फाटकाला टेकवलेली कुंडी

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. तेही भर दुपारी तीन वाजता, माझ्या सख्ख्या बहिणीच्या अंगणात.

मी कुंपणं बसवतो. ताईने स्विमिंग पूल असलेलं जुनं घर घेतलं, तेव्हा भाची दोन वर्षांची होती. मी आपणहून पूलभोवती काचेचं कुंपण घातलं. फाटक असं, की हात सोडला की आपोआप लागतं. खिट्टी इतकी उंच, की लहान पोराचा हात पोचायचा नाही.

खांबांसाठी भोकं पाडताना फरशीत जुन्या खांबांची बुडं सापडली. कापलेली.

म्हणजे इथे आधी कुंपण होतं... मग काढलं कुणी?

भावोजींना मात्र सारखं फाटक उघडायचा कंटाळा. त्यांनी मातीने भरलेली मोठी कुंडी टेकवून ते उघडंच ठेवलं. मी दोनदा बजावलं. ते हसून म्हणाले, "तुला बाबा सगळीकडे बुडणारी पोरंच दिसतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या रविवारी मी विसरलेलं ड्रिल आणायला गेलो. जेवून सगळे आडवे झाले होते. झाडाचं पानही हलत नव्हतं.

आणि मागच्या अंगणातून आवाज आला...

खट्ट.

खिट्टी पडल्याचा. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

मी धावलो. भाची फाटकाबाहेर उभी राहून रडत होती. फाटक बंद. दोघांनी उचलावी लागणारी ती कुंडी आत, पार पाण्याच्या काठाशी.

आत कुणीच नव्हतं. पाणी मात्र हलत होतं...

काचेवर आतल्या बाजूने दोन इवलेसे ओले तळवे उमटले होते. भाचीचे हात कोरडे होते.

"दादा आत येऊ देत नाही," ती मुसमुसत म्हणाली.

घरात दुसरं मूल नाही.

शेजारच्या काकूंनी मग सांगितलं. आधीच्या मालकांनीही येता-जाता कटकट नको म्हणून फाटक दोरीने बांधून उघडं ठेवलं होतं. त्यांचा चार वर्षांचा मुलगा त्याच पाण्यात गेला. नंतर दुःखाच्या भरात बापानेच कुंपण कापून टाकलं.

भावोजी म्हणाले, वारा असेल. वारा म्हणे! काल गेलो, तर कुंडी पुन्हा फाटकाला टेकवलेली. मी हातोड्याने तिचे तुकडे केले. ते आता माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू.

काचेवरचे ते तळवे कितीही पुसले तरी ओलेच आहेत.

ते पोर त्या दिवशी धावून आलं... पण रोज येईल कशावरून?