पोपटी सेट फोडायचा नाही

हूड

दोन हात एकाच वेळी त्या पोपटी रेनकोटवर पडले, आणि दोघांपैकी कोणीच सोडेना.

"सोडा की."

"तुमी सोडा. मी आधी धरलाय."

"मी आधी बघितलाय. पार दारातनं बघितलाय."

"बघितलेलं आपलं झालं असतं, तर ही अख्खी नवी पेठ माझी असती ओ!"

बुद्धप्रियानं मान वर केली. उंच, काटकुळा, केसांतून पाणी निथळतंय, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू… दाबलेलं, पण नीट न दाबलेलं. तिला राग यायला हवा होता. तो आला नाही, याचाच राग आला.

"हात काडा दोगं बी," ताडपत्र्यांच्या ढिगामागून बसव्वा ओरडली. दुकान तिचं. पावसाळ्यात रेनकोट, उन्हाळ्यात ताडपत्री आणि बाराही महिने धारदार तोंड. "चांगल्यातला त्यो शेवटचा हाय. बाकीचं घेशीला तर पोळ्याच्या आत फाटंल. पैलं सांगा, कुणाला काय पायजे?"

"मला जॅकेट. पँट आहे माझ्याकडं."

"मला पँट," तो म्हणाला. "जॅकेट हाय. पँट सायलेन्सरला चिकटली अन् वितळली."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग रेनकोटकडं. मग पुन्हा एकमेकांकडं, जरा जास्तच वेळ.

"झालं की मग!" तो म्हणाला. "अर्धा तुमचा, अर्धा माझा."

"सेट मी फोडत न्हाय," बसव्वा म्हणाली.

बाही

पण थांबा. एका जॅकेटसाठी ही पोरगी एवढी का अडली, ते आधी सांगायला हवं.

बुद्धप्रिया रक्त तपासणीच्या लॅबमध्ये होती. रोज वडिलांच्या जुन्या मोटारसायकलवर विजापूर रस्त्यानं मंद्रूपपर्यंत जायचं, वाटेतल्या दवाखान्यांतले नमुने थंड पेटीत घालायचे आणि वेळेत सोलापूरला आणायचे. हत्तूरच्या पुढं वारा अंगावर आला, की तिला वाटायचं, हा रस्ता आपल्या नावावरच आहे. पण मागच्या आठवड्यात ती भिजली, काकडली, झाडाखाली थांबली आणि पेटी उशिरा पोचली. साहेब फार ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आणखी एकदा उशीर झाला, तर रूट शिवराजला. त्याच्याकडं चारचाकी आहे. तू काउंटरवर बस."

काउंटर! दिवसभर ट्यूबलाइटखाली "पावती घ्या, पलीकडं बसा" म्हणत राहायचं! 

म्हणून जॅकेट हवं होतं. आणि ते मिळवायचं म्हणजे बसव्वाची परीक्षा द्यायची.

दुकानाच्या पायरीशी एक इंजिन नसलेली, गंजलेली मोटारसायकल कायमची उभी होती. बसव्वाचा नियमच होता, की उभ्यानं रेनकोट घेणारा पुढं रस्त्यात रडतो. रेनकोट चढवायचा, त्या गाडीवर बसायचं, हात हँडलवर ठेवायचे, मग बसव्वा तांब्यानं पाणी ओतणार.

"मला येळ न्हाय. दोगं बी एकदमच बसा."

"एकदम?" दोघंही एकदमच म्हणाले.

पुढं ती, जॅकेट घालून. मागं तो, पँट घालून… आणि गुडघे तिला लागू नयेत म्हणून बिचारा पाय बाहेर फाकवून बसला, बेडकासारखा.

"हात लांब कर, तंगी. मनगट उघडं पडलं का? न्हाय. बाही पुरती." बसव्वाच्या कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. खांद्यावर पहिली धार पडली. "आत गेलं?"

"नाही."

"वाक. मान उघडी पडती का?"

"नाही!"

"आता तू रे. बसल्यावर मांडीत तळं साचतंय. तितनंच पाणी आत शिरतंय." दुसरा तांब्या थेट त्याच्या मांडीवर. "आत गेलं?"

"आत न्हाय गेलं… पर लोक बघाय लागलेत ओ, अक्का."

खरंच, रिक्षा थांबल्या होत्या. समोरच्या कापड दुकानातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. बुद्धप्रियाला हसू आवरेना. गाडी हलली. तोल सावरायला त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तापल्या तव्याला लागल्यासारखा झटकन उचलला.

तेवढाच. पण त्या जाड कापडाच्या आत, पाण्याचा थेंब शिरला नव्हता तिथं, काहीतरी शिरलं.

शेवटी बसव्वा कुरकुरत कबूल झाली. "न्या. पर माजी गॅरंटी सेटाला हाय, अर्ध्याला न्हाय. शिवणीची पट्टी निघाली, पाणी आत आलं, तर फुकट करून दीन. दोगं मिळून आणायचं. एकटं आलं तर पायरीवरनंच माघारी."

म्हणून नंबर घ्यावे लागले.

"गॅरंटीसाठी हं," ती म्हणाली.

"व्हय की. गॅरंटीसाठीच," शिवयोगी म्हणाला. नाव नंबरासोबत कळलं.

पायचा

शिवयोगी मंद्रूपचा. शेतात ठिबकच्या नळ्या बसवून द्यायचं काम करायचा. सकाळी तो गावाकडून सोलापूरला माल न्यायला यायचा, तेव्हा ती सोलापूरहून गावाकडं निघालेली असायची. मधे सीना नदी. वडकबाळच्या पुलावर समोरून पोपटी पँट यायची, इकडून पोपटी जॅकेट जायचं. दोन हॉर्न. एक तिचा, छोटा. एक त्याचा, उगाचच लांब.

पुलाजवळच्या चहावाल्यानं ते बघून ठेवलं होतं. एकदा तिला थांबवून तो म्हणाला, "ताई, तुमचा खालचा भाग आत्ताच गेला की सोलापूरला!"

ती लाजली. मग हेल्मेटच्या आत गाणं गुणगुणत मंद्रूपपर्यंत गेली.

शिवण

"हॅलो, मॅडम? पँट गळतीय ओ."

"कुठं?"

"गुडघ्यावर. डाव्या."

"लगेच?"

"मला बी नवल वाटलं बगा. उद्या संध्याकाळी येताय का? गॅरंटी हाय आपली."

बसव्वानं पट्टी लावून वर सुती फडकं ठेवलं आणि इस्त्री दाबून शिवण बुजवली. ती गार होईपर्यंत थांबणं भाग होतं. थांबायचं तर भजी खाणं भाग होतं. भज्यांसोबत बोलणं आलंच.

"हॅलो, मॅडम? आता उजवा गुडघा."

"तुमचे गुडघे काय करतात हो?"

"प्रार्थना करत्यात."

"कसली?"

"…पावसाची."

"हॅलो? यावेळी कुठं?"

"मागं. जरा… बसायच्या जागी."

ती इतकी हसली, की लॅबमधले सगळे वळून बघायला लागले.

मग फोन बंद झाले.

आडसाली उसाची लागण सुरू झाली होती. शिवयोगीला मालकानं तिकडं लांब करकंबला पाठवलं होतं, नळ्या पसरायला. पुलावर हॉर्न नाही. फोन आला तर चिखलात उभ्या असलेल्या माणसाचा, घाईचा. "पँट कशी आहे?" तिनं विचारलं. "एकदम झकास. थेंब न्हाय गळत!" तो म्हणाला. आणि तिचं मन खट्टू झालं.

त्या संध्याकाळी बुद्धप्रिया जॅकेट मांडीवर घेऊन बसली. बाहेर पाऊस. उजव्या खांद्यावर शिवणीची पट्टी, सरळ, घट्ट, जराही न सुटलेली. तिनं तिच्यावरून बोट फिरवलं. मग नखाचं टोक कडेखाली घातलं…

नको. हे जॅकेट म्हणजे रूट. हे गेलं, तर काउंटर.

तिनं हात मागं घेतला. पाण्याचा ग्लास प्यायली. परत येऊन बसली.

आणि ओढली.

चेन

"हॅलो, शिवयोगी? जॅकेट गळतंय."

पलीकडं पावसाची आणि वाऱ्याची सरसर. "उद्या येतो. करकंबवरनं थेट दुकानात."

त्या 'उद्या'नं मात्र तिचा अंत बघितला. मंद्रूपहून परत निघाली आणि आभाळ फाटलं. मोकळ्या शिवणीतून पाणी खांद्यात शिरलं, बाहीतून कोपरात उतरलं, हातमोज्यात भरलं. बोटं बधिर. ब्रेक दाबलाय की नाही, कळेना. ओळखीचं झाड दिसलं… थांबावं का? पेटी मागं बांधलेली, झाकण घट्ट. "आपण केलं, आपण निस्तरायचं," ती दातांवर दात दाबत स्वतःला म्हणाली आणि झाड मागं टाकलं.

पेटी वेळेत पोचली. अगदी काठावर. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं, मग तिच्या पायाखाली साचलेल्या तळ्याकडं. "जॅकेट नवं घेतलं होतंस ना?"

"उद्यापर्यंत दुरुस्त होतंय, सर."

"उद्यापर्यंतच." एवढंच म्हणाले.

नवी पेठेत ती पोचली, तेव्हा तो पायरीवर उभा होता. चिखलानं माखलेला, दाढी वाढलेली, आणि तिला बघताच हसू दाबायचं पार विसरून गेलेला.

बसव्वानं जॅकेट उलटं केलं. चष्मा कपाळावरून खाली घेतला. शिवण दिव्याखाली धरली.

"हे उसवलेलं न्हाय," ती म्हणाली. "हे नखानं काढलंय."

 छत्री निवडणारं एक गिऱ्हाईक छत्री तशीच हातात धरून जवळ सरकलं.

शिवयोगीनं बुद्धप्रियाकडं बघितलं. तिचे ओठ निळसर पडले होते, आणि ती अजून थरथरत होती. "तुमी… मुद्दाम? अवो, आज केवडा पाऊस हुता! तुमचा रूट गेला असता की!"

"हो. गेला असता."

"मग का?"

"तुमची पँट गळायची थांबली म्हणून."

 त्याचा हात आपसूक अंगावरच्या पोपटी पँटीच्या गुडघ्याकडं गेला.

"आन् पँटीचं मी सांगते," बसव्वा म्हणाली. "परत्येक खेपेला दाभणानं पाडलेलं भोक. गोल. कोकरू बी वळखंल, पावसानं गोल भोक पडत न्हाय. म्या म्हणलं, बगू तरी कुटवर जातंय."

"दाभण?" बुद्धप्रिया म्हणाली. "पोत्याचं?"

"खताच्या पोत्याचं," शिवयोगी पुटपुटला. कान लाल. "करकंबला दाभण न्हेलं न्हवतं ओ. न्हायतर…"

"न्हायतर काय?" बसव्वानं जॅकेट आपटलं. "मुद्दाम फाडलेल्या मालाला गॅरंटी न्हाय. आजपासनं तुमची गॅरंटी खलास! पुन्ना दोगांनी मिळून यायचं कारण न्हाय."

आता काय? बाहेर पावसाची झड कमी झाली होती. रस्त्यावर चपलांचे फटक् फटक् आवाज. ती ओल्या हातमोज्याचं बोट पिळत राहिली. त्यानं पायरीवरच्या गंजक्या गाडीचं हँडल धरलं, सोडलं, पुन्हा धरलं.

"मग… उद्या कशासाठी भेटायचं?" त्यानं विचारलं.

"भेटण्यासाठी."

"नुसतं?"

"नुसतं. झेपंल का तुला?"

तुला! तिच्या तोंडून निसटलं होतं, आणि तिनं ते परत घेतलं नाही.

"प्रिया," तो म्हणाला, पहिल्यांदाच, मॅडम सोडून. "मला तू आवडतीस. लई. त्या तांब्यापासनं."

"मला हॉर्नपासनं," ती म्हणाली. "तुझा तो लांबलचक, बेसूर हॉर्न."

छत्रीवालं गिऱ्हाईक छत्री न घेताच हसत निघून गेलं.

"पर एक हाय," तो जरा गंभीर झाला. "माझ्या घरी कळलं, की गारा पडतील. वीज बी पडंल एकादी."

"माझ्या घरी काय ऊन पडणार आहे? पडू दे की. बसून, वाकून, पाणी ओतून बघितलंय आपल्याला. आत गेलं नाही."

बसव्वा नाक ओढत कोपऱ्यातली इस्त्री लावायला गेली. "ही शेवटची," ती पाठमोरीच म्हणाली. "गॅरंटी म्हणून न्हवं. उद्या पोरीला रस्त्यावर जायचंय म्हणून." तिनं पट्टी लावली, फडकं ठेवलं, दाबली, पुन्हा दाबली. मग जॅकेट बुद्धप्रियाच्या अंगावर स्वतःच चढवलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. "आता नख लावशील तर हात मोडीन, तंगी."

शिवयोगीची गाडी रात्रभर दुकानासमोरच राहणार होती. दिवसभर चिखल तुडवून त्याचे हात थकले होते, असं त्यानं सांगितलं. तिनं विश्वास ठेवल्यासारखं केलं आणि किक मारली.

"बस मागं. स्टँडपर्यंत सोडते. मंद्रूपची एसटी मिळंल."

तो बसला. गुडघे बाहेर काढून… मग हळूच आत घेतले. हात तिच्या खांद्यावर ठेवला, नव्या दाबलेल्या शिवणीवर, आणि यावेळी उचलला नाही.

पाऊस पुन्हा सुरू झाला. नवी पेठेच्या गर्दीतून ती गाडी वळली, तेव्हा दुकानाच्या दारातून बसव्वाला दिसलं. वर पोपटी, खाली पोपटी. सेट पुरा झाला होता.