ड्राइव्हवेवरचा चकवा

ही घटना माझ्या घरी घडलेली आहे. मित्राच्या मावशीच्या शेजाऱ्याने सांगितलेली नाही.

ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा दीर, शार्दूल.

आणि वेळ रात्रीची नव्हती. अमावस्याही नव्हती. गेल्या जानेवारीतली दुपार होती. आम्ही नुकतेच वरण-भात खाऊन उठलो होतो.

पटत नसेल तर सोडून द्या. मलाही दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हसलेच असते.

आम्ही मिशिगनमध्ये राहतो, ॲन आर्बरपासून गाडीने पाऊण तासावर. चहूकडे मक्याची शेतं आणि मध्येच एखादं घर. मी निमिषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शंभरदा सांगितलं होतं की आपण आपलं टाउनहाऊस घेऊ. पण त्याला मोकळी जमीन हवी होती. हौसेला मोल नसतं म्हणतात ना, तसं. त्या हौसेपायी आम्हाला असं घर मिळालं, ज्याचा ड्राइव्हवेच, म्हणजे गॅरेजपासून रस्त्यापर्यंतची वाटच, जवळजवळ अर्धा किलोमीटर आहे. पुण्यात एवढ्या अंतरात दोन रिक्षा स्टँड आणि एक गणपतीचं देऊळ लागतं.

घराबरोबर जुन्या मालकाचा ट्रॅक्टर मिळाला. त्याला केबिन नाही, सगळा उघडा. आणि त्याच्या मागे जोडायचा स्नो ब्लोअर.

हा ब्लोअर ओढत न्यायचा असतो. दुसऱ्या प्रकारात ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चालवावा लागतो, मान वळवून वळवून मोडायची वेळ येते. यात तसं नाही. ट्रॅक्टर मागे मागे आणत गॅरेजच्या दाराला लावायचा, ब्लोअर खाली टेकवायचा, आणि सरळ समोर बघत रस्त्यापर्यंत निघायचं. मागच्या मागे तो बर्फ गिळतो आणि नळीतून लांब फेकतो.

मागे वळून बघायचं कामच नाही. शार्दूलला हेच फार आवडायचं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. तो चालू झाला की आवाज असा होतो, की किचनमधल्या वाट्यासुद्धा थरथरतात.

त्या दिवशी निमिष ऑफिसच्या कामाने फ्रीमाँटला अडकला होता. फ्लाइट्स कॅन्सल. घरात मी, माझ्या सासूबाई आणि शार्दूल, असे तिघंच. सासूबाई मूळच्या राजापूरकडच्या, सहा महिन्यांसाठी आलेल्या. शार्दूल ॲन आर्बरला पीएचडी करतो. बर्फाचं वादळ येणार कळल्यावर "वहिनी, तुम्ही दोघीच कशा राहाल?" म्हणत तो आपणहून राहायला आला होता.

आमच्याकडे हीटिंग प्रोपेन गॅसवर चालतं. टाकी तळाला गेली होती. कंपनीने फोनवर सांगितलं, दुपारनंतर ट्रक येईल, पण ड्राइव्हवे साफ नसेल तर ड्रायव्हर आत शिरणार नाही. बाहेर उणे वीस. आईंना आधीच दम्याचा त्रास. हीटिंग बंद पडून चालणारच नव्हतं.

"मी आत्ता करून येतो," शार्दूल म्हणाला. "एक राउंड तिकडे, एक इकडे. संपलं."

"चहा ठेवते रे शारू," आई म्हणाल्या.

त्याने गॉगल लावला, कानात इअरबड्स घातले, त्यावर कानटोपी. ट्रॅक्टर गॅरेजला लावला. ब्लोअर टेकवला.

वाट्या थरथरायला लागल्या.

मी खिडकीतून बघत होते. समोर सगळं पांढरं. ट्रॅक्टर थोडा पुढे गेला, पुसट झाला, दिसेनासा झाला. आवाज लांब लांब जात राहिला.

आणि मग...

आवाज थांबला.

कमी होत होत गेला नाही. मध्येच थांबला.

मला वाटलं, रस्त्यापर्यंत पोचला असेल. चहा उकळला. गाळला. गार झाला. शेवटी मी फोन लावला.

"हां वहिनी!" तो मोठ्याने ओरडत होता, जसं मशीनच्या गोंगाटात ओरडतात तसं. "रस्त्याकडेचा मेलबॉक्स येतच नाहीये यार! केव्हाचा सरळ चाललोय!"

"ट्रॅक्टर बंद का केलास?"

"बंद? चालूच आहे की!"

मी फोन कानाला घट्ट लावला. त्याच्या आवाजामागे काहीच नव्हतं. इंजिन नाही. वारा नाही. बंद खोलीत बसून बोलावं तसं...

"वहिनी, थांब! घर दिसतंय. अरे, आपलंच घर! मी वळलो कधी?" तो हसला. "खिडकीत तू आणि आई उभ्या आहात. हात काय करताय? येतोय की."

मी तेव्हा गॅरेजच्या दाराशी होते. आई आत देवासमोर बसल्या होत्या.

खिडकीत कुणीच नव्हतं.

"शार्दूल, आम्ही खिडकीत नाही. ऐकतोयस ना? तिकडे जाऊ नकोस."

"मग कोण आहे?" त्याचं हसू गेलं. थोड्या वेळाने तो पुटपुटला, "गेलं घर. आता परत सगळं पांढरं."

मी फोन आईंच्या हातात दिला, त्याच्याशी बोलत राहा म्हटलं, आणि जॅकेट चढवून बाहेर धावले. ड्राइव्हवे मस्त साफ झालेला होता. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. मी हाका मारत मारत गेले. श्वास घेतला की घशात सुया टोचायच्या.

रस्ता आला. मेलबॉक्स आला.

ट्रॅक्टर नव्हता.

तो रस्त्यावर गेल्याची खूण नव्हती. बाजूच्या शेतात वळल्याचीही नव्हती. भिंती कुठेच फुटलेल्या नव्हत्या. एवढं मोठं धूड गेलं कुठे?

मी परत आले तेव्हा आईंचा चेहरा उजळलेला होता.

"अगं, घाबरू नकोस. चकवा लागलाय त्याला. आमच्या वडलांना लागला होता काजूच्या बागेत, रात्रभर फिरवलंन. चकव्यात चालत राहिलं की तो आणखी लांब नेतो. म्हणून सांगितलं त्याला, यंत्र बंद कर, आहेस तिथे बसून राहा. उजाडलं की आपोआप वाट दिसते."

मी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला. कॉल बंद झाला होता.

"आई... उणे वीस आहे बाहेर. उजाडायला सबंध रात्र आहे. ट्रॅक्टरला केबिन नाही. तो बसून राहिला तर..."

त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरत गेलेलं मी पाहिलं. त्यांना मुलाला वाचवायचं होतं हो. त्यांच्या गावात ती खरीच वाचायची रीत होती.

मी परत फोन लावला. बराच वेळ वाजला.

"हं..." आता तो ओरडत नव्हता. झोपेत बोलल्यासारखा बोलत होता.

"शार्दूल, ऊठ! ट्रॅक्टर चालू कर! चालत राहा, कुठेही जा, पण बसू नकोस!"

"आई म्हणाली बसून राहा."

"त्या इथेच आहेत, थांब, देते त्यांना." मी स्पीकर लावला.

"शारू, बाळा, मी चुकले रे. ऊठ. नीघ तिथून. ऊठ राजा..."

तो हळू हसला.

"वहिनी, कशाला चेष्टा करतेस? आई माझ्याजवळ आहे. मडगार्डवर बसलीये. एवढ्या थंडीत आली बघ. शाल पण नाही घेतली."

आईंनी माझा दंड धरला.

आणि मग फोनमधून आवाज आला...

"बसून राहा रे शारू. उजाडेलच आता."

तो आईंचा आवाज होता. तोच किंचित घोगरा, तीच दम्याची घरघर.

आई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांचे ओठ मिटलेले होते.

फोन कट झाला. परत लागलाच नाही.

त्यानंतर जे काही करता येण्यासारखं होतं, ते मी केलं. नाइन वन वनला फोन केला. त्यांनी सांगितलं, रस्ते बंद आहेत, टीम निघेल पण वेळ लागेल, तुम्ही घराबाहेर पडू नका. रस्त्यापलीकडच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, माझ्या पिकअपला पुढे बर्फ ढकलायचा प्लाऊ आहे, लावून येतो. निमिषला फोन केला, तो तिकडे नुसता रडत राहिला. मी दोनदा पुन्हा बाहेर जाऊन आले. घराचे सगळे दिवे लावले. आईंनी किचनची खिडकी सताड उघडली आणि ताट घेऊन पळीने बडवायला लागल्या. दम लागत होता, तरी बडवत होत्या.

एक शब्दही बोलत नव्हत्या. हाक मारायची त्यांना हिंमतच होत नव्हती.

आमच्या हातात काही नव्हतं. काहीच नाही. आपलं माणूस तिथेच कुठेतरी गोठतंय आणि आपण ताट वाजवतोय, याहून वाईट काय असतं मला माहीत नाही.

पाच-साडेपाचला अंधार पडला. वारा थांबला. शेजाऱ्याची पिकअप आत आली, वळली, आणि तिचे हेडलाइट्स घराच्या बाजूने फिरले.

ट्रॅक्टर किचनच्या खिडकीसमोरच उभा होता.

आई ताट वाजवत होत्या त्या खिडकीपासून तो तीस फुटांवरही नसेल. मी तिथून दोनदा गेले होते. तिथे काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

शार्दूल सीटवर बसला होता. जिवंत होता. डोळे अर्धवट उघडे, चेहऱ्यावर कसलंतरी समाधान. उजव्या खांद्यावर बर्फाचा ढीग. उजवं मडगार्ड बर्फाखाली गेलेलं.

डाव्या बाजूला बर्फाचा कणही नव्हता.

डावं मडगार्ड कोरडं होतं. कुणी त्यावरून आत्ताच उठावं तसं.

आणि त्याच्या डाव्या हातात ग्लोव्ह नव्हता.

त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. जीव वाचला. डाव्या हाताची दोन बोटं कापावी लागली. पहिल्या दिवशी गुंगीत तो नर्सला सांगत होता, "मदर वॉज होल्डिंग माय हँड." नंतर शुद्धीवर आला तेव्हा त्याला यातलं काही आठवत नव्हतं.

सकाळी मी घरी परतले, तेव्हा उजेडात मागचं शेत दिसलं. घराभोवती ब्लोअरने कापलेले गोल होते. एकात एक, एकात एक. सगळ्यात आतला गोल भिंतीला जवळजवळ चिकटून गेलेला. एवढे फेरे तो घराभोवती फिरला होता आणि आमची एक वाटीसुद्धा थरथरली नव्हती.

आई हॉस्पिटलमध्ये त्याच्या उशाशी बसून राहिल्या. त्याच्या केसांतून हात फिरवायच्या. पण बोलल्या नाहीत. तो "आई, काहीतरी बोल ना गं" म्हणायचा, त्या मान फिरवायच्या. तिकीट बदलून लवकर परत गेल्या.

निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आसावरी, त्याला सांग. मी आता त्याच्याशी कधीच बोलणार नाही. फोनवर नाही, समोर नाही. म्हणजे माझा आवाज ऐकू आला की त्याने समजायचं, ती मी नव्हे. एवढंच आता माझ्या हातात आहे."

ज्या बाईला मुलाचं नाव घेतल्याशिवाय घास गिळवत नव्हता, ती हे म्हणत होती. मी एअरपोर्टवरच ढसाढसा रडले.

मी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं. तो शास्त्र शिकणारा मुलगा. म्हणाला, "वहिनी, हायपोथर्मियात भास होतात. तुम्ही दोघीही पॅनिक झाला होतात. आई रुसलीये, बाकी काही नाही. मी जिवावर उदार झालो म्हणून रागावलीये."

त्यानंतर वर्षभर आईंनी त्याच्याशी एक अक्षर उच्चारलं नाही. मला फोन करायच्या, तो जवळ नाही ना विचारून मगच बोलायच्या.

ट्रॅक्टर आम्ही विकून टाकला. शार्दूल ॲन आर्बरच्या अपार्टमेंटमध्ये एकटा राहतो. आज सकाळी त्याचा फोन आला. किती दिवसांनी इतका खुशीत होता.

"वहिनी, आईचा रुसवा गेला! काल फोन केला तिने. कितीतरी वेळ बोललो."

मी ताबडतोब आईंना फोन लावला. विचारलं.

त्यांनी फोन केलेला नव्हता. मग त्यांनी विचारलं, "तिकडे बर्फ पडतोय का गं?"

पडतोय. पहाटेपासून पडतोय.

निमिष गाडी घेऊन त्याच्याकडे निघालाय, पण रस्ते खराब आहेत. मी शार्दूलला सारखी फोन लावतेय. रिंग जात नाही. तो दुसऱ्या कॉलवर आहे, असंच स्क्रीनवर येतंय.