भांगाला या

"ओ ताई, सरका! पाय भिजतील!"

कृतिकाने कॅमेऱ्यावरून डोळा काढला, तोवर बर्फाची लादी सरसरत तिच्या पायाशी येऊन थांबलीसुद्धा. पाचूबंदरच्या धक्क्यावर ती नेमकी बर्फ ओढायच्या वाटेत उभी होती. लादीमागे हातात लोखंडी आकडा घेतलेला एक उंच, सावळा तरुण... आणि चेहऱ्यावर माफीचा लवलेश नाही.

"ताई कोणाला म्हणता?"

"मग काय म्हणू?"

"नाव असतं माणसाला."

"असतं ना. कुणी सांगितलं तर कळतं."

"कुणी विचारलं तर सांगतं."

तो हसला. उडालेली बट कानामागे सारायच्या निमित्ताने कृतिकाने तोंड फिरवलं, कारण तिलाही हसू यायला लागलं होतं. भांडायचं ठरवलेलं असताना हसू आलं, की माणूस निम्मं हरलेलंच असतं!

कृतिका नाशिकची. महिन्या-दोन महिन्यांनी ती उमेळ्याला लीलामावशीकडे यायची. आईला सांगायची, मावशीच्या हातचं जेवायला जाते. खरं कारण समुद्र. नाशिकला सगळं काही आहे, पण तेवढं एक नाही. तिला एकच फोटो हवा होता – धक्क्याला साऱ्या बोटी दाटीने लागलेल्या, वर निशाणं फडफडताहेत आणि खाली संथ पाण्यात त्यांचे रंग उतरलेत. पण ती येई तेव्हा बोटी एक तर बाहेर गेलेल्या, नाहीतर निघायच्या घाईत.

आणि हा तेजस. तोही उमेळ्याचाच. केळीची आणि चाफ्याची वाडी वडील बघायचे. याने बीकॉम होऊन बोटींना बर्फ पुरवायचा धंदा काढला होता. हे सगळं कृतिकाला मावशीकडून कळलं. तिने फार विचारलं नव्हतं... निदान तिला तरी तसं वाटत होतं.

पुढच्या खेपेला ती धक्क्यावर गेली, त्याच्या पुढच्या खेपेलाही गेली. मग नंबर घेतले गेले. तेजस मोबाइलवर समुद्राचे फोटो काढून पाठवू लागला.

"क्षितिज वाकडं आलंय," ती लिहायची.

"समुद्रच वाकडा आहे इथला. येऊन सरळ करा."

असं चाललं होतं. आणि मग ती भांगेची भानगड झाली.

त्या दिवशी धक्क्यावर बर्फ फोडायचं मशीन घरघरत होतं. तेजस मोठ्याने काहीतरी सांगत होता आणि कृतिका कानामागे हात धरून ऐकत होती. त्यातलं तिच्या कानी पडलं ते एवढंच – "...भांगेत खरी मजा! मी तर दिवसभर पडूनच असतो तेव्हा. तुम्ही पण या!"

इतका चांगला मुलगा... आणि भांग घेतो? वर मलाही बोलावतो? ती तडक घरी आली आणि न राहवून मावशीला सांगून बसली. मावशीने लगोलग मथुराकाकींना, म्हणजे तेजसच्या आईला, फोन लावला. "सहज विचारते हं..." अशी सुरुवात केलेली गोष्ट सहज कधीच राहत नाही. काकींकडे तेव्हा नेमके पाहुणे बसले होते. संध्याकाळपर्यंत अर्ध्या उमेळ्याला कळलं.

नाशिकला परतल्यावर तेजसचे तीन-चार मेसेज आले. तिने उघडले नाहीत. उघडायला हात जायचा, पण ती मोबाइल पालथा घालून ठेवायची. मग रात्री उशीवर डोकं टेकलं की त्याचं ते हसू आठवायचं, आणि स्वतःचाच राग यायचा.

पुढच्या वेळी ती मावशीकडे आली तेव्हा हरिश्चंद्रकाका, मावशीचे यजमान, ताटावर बसता बसता म्हणाले, "त्या बर्फवाल्या तेजसचं विरारचं स्थळ मोडलं म्हणे. पोरगा भांग घेतो, असं कानावर गेलं त्यांच्या."

"घेतोच तो, काका. मला स्वतः म्हणाला, भांगेत दिवसभर पडून असतो."

काकांचा घास हातातच राहिला. "भांगेत? की भांगात?"

"काय फरक आहे?"

"अगं, एका मात्रेचा! उधाण संपलं की अष्टमीच्या सुमाराला भरतीचा जोर उतरतो, त्याला भांग म्हणतात. पाण्याला ओढ नाही, जाळ्यात मासळी नाही. बोटी धक्क्याला, माणसं घरी, आणि बर्फाला गिऱ्हाईक कोण?" काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "नववीत भूगोल नव्हता का गं तुला?"

होता. भांगाची भरती. दोन मार्कांना आली होती.

काकांना पाणी द्यायचं सोडून मावशी कढी बघते म्हणून आत गेली, ती बाहेर येईना. कृतिकाने ते जुने मेसेज उघडले. पहिलाच फोटो! दाटीने लागलेल्या बोटी, निशाणं, संथ पाण्यात उतरलेले रंग – आणि क्षितिज वाकडं. खाली लिहिलं होतं, "याला भांग म्हणतात, मॅडम. तुम्ही आला नाहीत, मग मीच काढला."

तिचे डोळे भरून आले. एका निर्दोष माणसाचं नाव तिने गावभर खराब केलं होतं, त्याचं ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. आणि लाजेची गोष्ट अशी, की ते मोडलं याचा मनात कुठेतरी आनंद होत होता. पण चूक तिची होती. ती निस्तरायची म्हणजे विरारच्या लोकांना खरं सांगायला हवं, आणि खरं सांगितलं की स्थळ पुन्हा जुळणार. जुळू दे! ती चपला घालून निघाली.

मथुराकाकी ओटीवर चाफ्याची फुलं निवडत बसल्या होत्या. तेजस शेजारी टोपली धरून. कृतिकाला बघून तो ताडकन उभा राहिला.

"काकी, चूक माझी आहे," ती एका दमात म्हणाली. "ते भांग घेत नाहीत. मी चुकीचं ऐकलं. विरारच्या लोकांचा पत्ता द्या, मी स्वतः जाऊन सांगते. त्यांनी... त्यांनी स्थळ मोडू नये."

"अगो, बस तरी आधी," काकी म्हणाल्या. "मी काय गप राहिले असेन? दुसऱ्याच दिवशी कळवलं त्यांना. ते परत यायला तयार पन झाले."

"मग?"

"मग याने नको सांगितलं." काकींनी मुलाकडे बोट केलं. "का ते याला विचार. मला कळलंय, पन मी नाय सांगनार."

कृतिकाने तेजसकडे पाहिलं. धक्क्यावर एवढं बोलणारा माणूस टोपलीतली फुलं उगाच खालीवर करत होता.

"स्थळ मोडलं तेव्हा... मला वाईट वाटायला हवं होतं," तो म्हणाला. "वाटलं नाही. तुम्ही मेसेज वाचत नाही, याचं मात्र वाटलं. खूप."

"मलाही मोडल्याचं वाईट वाटलं नाही," ती कशीबशी म्हणाली. "चूक सुधारायला आले, पण... तुम्ही हो म्हणाला असतात तर मी इथून रडत गेले असते."

काकींनी पदराने हात पुसले. "झालं? आता तुज्या आईचा नंबर दे. मोठ्यांचं मोठ्यांनी बोलायला नको?"

कृतिका सांगू लागली. पण जन्मभर पाठ असलेला नंबर निम्म्यावर अडला. पुढचे आकडे काही केल्या आठवेनात... ते तेजसने सांगितले. घडाघडा!

ती बघतच राहिली. "तुम्हाला कसा पाठ?"

"लीलामावशींनी दिला. त्यांना खरं सांगायला गेलो होतो, तेव्हाच सगळं ओळखलं त्यांनी. म्हणाल्या, 'तिला मी नाही सांगणार, तूच सांग.'" त्याचे कान लाल झाले होते. "रोज नंबर काढतो, रोज ठेवून देतो. धीर होत नाही."

कृतिकाने त्याच्या हातातली टोपली काढून घेतली आणि ओटीवर पडलेला मोबाइल त्याच्या हातात दिला.

"लाव," ती म्हणाली. "मी आहे ना शेजारी."