मरोद्याच्या मशीनवरचं कॅलेंडर

सुपेल्याच्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात कॉम्प्युटरची एकच छोटी, डब्याएवढी मशीन उरली होती, अन् तीही एका लंबूटांग पोरानं माझ्यासमोर उचलली. इथं सगळे हिंदीच बोलतात, म्हणून मी हिंदीत चांगलीच तणतणले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हो आई, येऊन राहिलो न," तो मराठीत म्हणाला. आपलाच निघाला की!

नाव नरहरी, जवळच्याच मरोद्याचा, रेल्वेवाल्यांच्या घरचा. मशीन कशाले पाहिजे म्हणून त्यानं विचारलं. मी अर्धंच सांगितलं. माझं कॅलेंडर कोण्या कंपनीकडे नाही, आपल्याच मशीनवर असावं; फोनवर अन् ऑफिसात सारखं दिसावं, पण कुलूपबंद.

उरलेलं अर्धं कसं सांगणार? मले फिट येते. कधी आली, डॉक्टरकडे कधी जायचं, सगळं त्या कॅलेंडरात. आधी एक फुकटचं ॲप होतं, तर फोनवर फिटच्याच गोळ्यांच्या जाहिराती यायला लागल्या. बाबांनी बजावून ठेवलं होतं, बाहेर कळलं तर स्थळ येणार नाही. लोकांची नजर बदलते, ती मी शाळेत पाहिली होती. त्या नजरेचीच मले भीती.

नरहरी म्हणे, मशीन मी नेतो, माझ्या कामासोबत तुमचंही चालवतो. तुम्ही ब्राउझरमध्ये पान उघडा, पासवर्ड टाका. माझ्याकडे तुमच्या लिहिलेल्याची नुसती गिचमिड दिसन. तसंच झालं. मग "चालून राहिलं न?" विचारायले त्याचे फोन यायचे. फोन लांबत गेले, "तुम्ही"चं "तू" झालं. सिव्हिक सेंटरले चहा घेताना तो माझा ग्लास आधी स्वतःच्या हातात धरून पाहायचा, फार गरम तर नाही… अन् मी उगीच दुसरीकडे पाहायची.

एक दिवस त्या कॅलेंडरच्या सॉफ्टवेअरची माहिती वाचत बसले, अन् एका ओळीवर अडकले. पान ज्याच्या मशीनवरून येते, तो ते पान बदलू शकतो. आपण टाकलेला पासवर्ड त्याच्या हाती लागू शकतो. म्हणजे नरहरीले सगळं माहीत असन? चहाचा ग्लास तो दयेपोटी धरत असन?

मैत्री बागेत भेटलो तेव्हा थेट विचारलं. "माझं वाचता येते का तुले?"

तो म्हणाला, "वाचलं नाही. पण वाचता येते… ठरवलं तर."

"मग सांगितलं कावून नाही?"

"सांगितलं असतं तर तू कॅलेंडर काढून नेलं असतं. मग फोन कशासाठी करू?"

राग आला, हसूही आलं, अन् भीती काही गेली नाही. खरं बोलतो की नाही, हे मले कधीच कळणार नव्हतं.

रविवारी तो मशीन मलेच देऊन टाकायले आमच्या क्वार्टरवर आला. बाबा आतल्या खोलीत टीव्ही पाहत होते. त्यानं सगळं पुसून माझ्याच हातानं नव्यानं टाकायले लावलं. पासवर्ड ठेवायच्या वेळी भिंतीकडे तोंड करून बसला.

"आता तुझी मशीन, तुझं पान," जास्तीची वायर गुंडाळत तो म्हणाला. "मले यायचं काही कामच नाही."

तो उठला. आता नाही बोलले तर संपलंच.

"नरहरी… मले फिट येते."

वायर हातातच राहिली. मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. ती नजर येते का, म्हणून पाहतच राहिले.

"आली तर कुशीवर वळवायचं न?" त्यानं हळूच विचारलं.

"हो. अन् चप्पल हुंगवायची नाही. आमच्या आत्या हुंगवतात."

"नाही हुंगवणार," तो हसला. मग गुंडाळलेली वायर परत सोडू लागला. "पण त्यासाठी जवळ राहावं लागन… राहू?"

आत बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"राहा," मी म्हटलं, त्यांना नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.