सरजाबाईंचा ट्रॅक्टर

जुना ट्रॅक्टर पाहायला गेलो की मी आधी कुणाशी बोलत नाही. सरळ इंजिनावर तळहात ठेवतो. थंड लागलं तर मालक सरळ माणूस. गरम लागलं तर समजायचं, गिऱ्हाईक यायच्या आधी धक्के मारून चालू करून ठेवलाय, म्हणजे एरवी हा सुखासुखी सुरू होत नाही. सोनपेठला बारा वर्षं मिस्त्रीकाम केलं, या युक्तीनं मला कधी दगा दिला नव्हता.

शहात्तर सालच्या मे महिन्यात धाकटा भाऊ पंडित मागे लागला. पालमजवळच्या एका वस्तीवर ट्रॅक्टर विकायचा होता. पठ्ठ्यानं तो बघायच्या आधीच बैलजोडी विकून टाकलेली, आणि पेरणी तोंडावर आलेली. आई जाताना त्याला माझ्या ओटीत घालून गेली होती, म्हणून चिडलो तरी गेलो.

एसटी उशिरा आली. वस्तीवर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. ट्रॅक्टर उभा होता त्या छपरात अंधार साचू लागला होता, जुन्या कडब्याचा कुबट वास येत होता. मालकीण सरजाबाई, एकटी म्हातारी, छपराच्या मेढीला टेकून उभी होती. पंडित लहान पोरासारखा सीटवर चढून बसला. मी इंजिनावर हात ठेवला. चांगलं गरम होतं.

"मावशी, आमी यायच्या आदी चालू केला व्हता न्हवं?" मी हसत विचारलं. लबाडी पकडल्याचा आनंद झाला होता मला.

"दोन वर्सं झाली, त्याला कुणी हात लावला न्हाई."

आता मात्र राग आला. झाकण उघडलं. बॅटरीची जागा रिकामी, वायरींवर कोळिष्टकं. टाकीत काडी घातली, ती कोरडी निघाली. पुन्हा इंजिनावर हात ठेवला... मघापेक्षा जास्त तापलं होतं.

"दिवस कलला की रोज तापतंय," सरजाबाई हळूच म्हणाली. "माजा ल्योक भुजंग ह्याच येळंला ट्रॅक्टरसकट बांधावरून उलटला. ह्याच्याच खाली... ह्याला कुणी नेल्याबिगर त्यो सुटायचा न्हाई, बाबा."

मी हात झटकन मागे घेतला. वर बघतो तर पंडित डाव्या मडगार्डकडे मान वळवून हुंकार देत होता. जन्मात ट्रॅक्टर न चालवलेला माणूस, पण पाय क्लचवर अलगद दाबत होता आणि एकामागून एक गिअर बदलत होता.

"पंडित, खाली उतर."

"थांब की दादा... शिकायलोय."

मी दंड धरून त्याला ओढलंच. अंगणाबाहेर नेऊन सांगितलं, "इंजिनला चीर गेलीय. भंगार हाय ते." सख्ख्या भावाशी मी पहिल्यांदाच खोटं बोललो. त्याचं तोंड एवढंसं झालं. सरजाबाईनं आम्हाला अडवलं नाही.

फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. पंडित म्हणाला, "दादा, मडगार्डवर बसलेला त्यो माणूस कोण रे?"

"कुठला माणूस?"

"मला गिअर शिकवायला व्हता त्यो. लय गोड बोलला. म्हणला, चीरबीर कायबी न्हाई, तुझा दादा आता खोटं बोलंल. तू उद्या एकटाच ये."

एसटी आली. पंडितला खिडकीशी बसवून मी त्याचं मनगट घट्ट धरलं. कंडक्टर तिकिटं फाडत आला, तसं पंडितनं माझ्याकडे न बघता त्याला विचारलं, "सकाळी पालमला पहिली गाडी कितीला हाय?"