पोटावरचा ओला पंचा

आठवा महिना लागलेल्या रोहिणीच्या पोटावर तिची लेक शमिका सारखा ओला पंचा का ठेवत होती? रोहिणीला वाटलं, लेक माया करतेय. म्हणून ती मुकाट्याने शिंकत राहिली.

शमिका शाळा सुटली की खोदूला मदत करायची. खोदू म्हणजे किनाऱ्यावर कासवांची अंडी सांभाळणारा यंत्रमानव. एकदा वाळूचं तापमान मोजता मोजता तिने त्याला विचारलं, पोट किती अंशांवर आणलं की मुलगा होतो? खोदूने फावडं खाली ठेवलं.

मग सगळं बाहेर आलं. दोन मुलींवर तिसरीही मुलगीच झाली तर दोष आईचा, असं आत्या येता-जाता ऐकवायची. आई तेव्हा भांडी जरा जास्तच घासायची. वाळू तापली की कासवांची बहुतेक पिल्लं मादी होतात, थंड राहिली की नर, हे शमिकाला पाठ होतं. पुढचं गणित तिने स्वतःच सोडवलं होतं.

"गणित बरोबर आहे, प्राणी चुकला," खोदू म्हणाला.

माणसाचं असं ऊबेवर ठरत नाही, त्याने समजावलं. आईच्या अंडपेशीत एक्स हे गुणसूत्र (पेशीतली सूचनांची गुंडाळी) असतं. बाबांच्या शुक्रपेशीत एक्स असतं, नाहीतर वाय. तरी पहिले सहाएक आठवडे सगळे गर्भ सारखेच. पोटातल्या इवल्या जननग्रंथी कुठेही वळू शकतात. मग वायवरचं एक जनुक (एक सूचना) जागं झालं, तर त्यांची वृषणं होतात. ते नसेल, तर दुसरी जनुकं त्यांची अंडाशयं घडवतात. पुढचं बरंचसं काम संप्रेरकं (रक्तातून फिरणारे रासायनिक निरोप) करतात. क्वचित ही वाट वेगळी वळते, आणि तीही माणसाचीच वाट असते.

"म्हणजे आपल्या बाळाचं कधीच ठरलंय?"

"केव्हाच. काय ठरलंय ते मला माहीत नाही, असतं तरी सांगितलं नसतं. पंच्याने आईला फक्त सर्दी होईल. तुलाही तिने नऊ महिने ऊबेत ठेवलं होतं, त्याबद्दल तिचे आभार मान."

शमिका घरी गेली आणि पंचा वाळत घालून आईला बिलगून बसली.

रात्री जेवताना आत्याने पुन्हा तोच विषय काढला. शमिकाने भात कालवता कालवता सांगून टाकलं, की आईकडून एक्सच येतं. वाय आलंच तर बाबांकडून, आणि तेही बाबा निवडत नाहीत. सगळे बाबांकडे बघायला लागले.

"खरंय तिचं," बाबा म्हणाले. "ताई, यापुढे काय बोलायचं ते मला बोल."

रोहिणीने मान वर केली आणि आणखी भात मागून घेतला.

दोनेक महिन्यांनी बाळ आलं. काय झालं ते सांगायला नर्स बाहेर आली, तर आत्याने तिला हातानेच थांबवलं.

"ते मागाहून सांगा. आमची रोहिणी कशी आहे?"